फाटकाच्या आतला कायदा आणि फाटकाबाहेरचा उमेदवार

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: एका खासगी कंपनीत लेखा विभागातील जागेसाठी दोन फेऱ्या व्यवस्थित पार पडल्यानंतर शेवटच्या मुलाखतीत आपल्याला लग्न कधी झाले, मूल आहे का, पुढचा काय विचार आहे, असे विचारण्यात आले आणि काही दिवसांतच नकाराचा ई-मेल आला. आपले आजोबा गिरणी कामगार होते. कामगारांचे कायदे आधी मुंबईत होतात आणि मग देशात, असे ते सांगत. असे असताना या नकाराविरुद्ध दाद मागता येईल असा महाराष्ट्राचा एखादा सरळ कायदा का सापडत नाही, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

मी कामगार व औद्योगिक न्यायालयांत वकिली करतो आणि हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्याकडे वरचेवर येतो. आजोबांचे म्हणणे बरोबर आहे आणि आपली तक्रारही बरोबर आहे. आपल्याकडचा कामगार कायदा संपातून, म्हणजे सामुदायिक तंट्यातून वाढला. तो फाटकाच्या आत आलेल्या आणि बहुधा संघटनेत असलेल्या कामगाराकडे पाहत आला. फाटकावर कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला परत पाठवायचे, हा अधिकार त्याने बराच काळ मालकाकडेच राहू दिला. भेदभावाचा प्रश्न मात्र नेमका तेथेच आणि बहुतेक वेळा एकट्या माणसाच्या बाबतीत उद्भवतो. त्यामुळे आपल्याला हवे असलेले संरक्षण अस्तित्वात आहे, पण ते एका कायद्यात नाही. निरनिराळ्या काळांत निरनिराळ्या कारणांनी झालेल्या कायद्यांत ते विखुरलेले आहे.

आपल्या बाबतीत काय करता येईल हे चार बाबींवर ठरते: नोकरी देणारी संस्था सरकारी आहे की खासगी, आपण त्या क्षणी कर्मचारी होता की उमेदवार, पद कामगार स्वरूपाचे होते की व्यवस्थापकीय, आणि नकाराचे कारण कायद्याने नाव घेऊन सांगितलेल्या कारणांपैकी आहे का. या चार बाबी का महत्त्वाच्या ठरल्या, हे इतिहास पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून आधी थोडे मागे जातो.

1881 चा पहिला फॅक्टरी कायदा संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होता, पण त्यामागची चौकशी आणि वादावादी प्रामुख्याने मुंबईच्या गिरण्यांभोवती झाली होती. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि 100 किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांत सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास त्याने बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामाच्या तासांबद्दल तो कायदा काहीच बोलला नाही. ते बोलले नारायण मेघाजी लोखंडे. 1884 मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि पाच हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला: रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि कामावर जखमी झालेल्यांना मदत. रविवारची सुट्टी 10 जून 1890 पासून मिळाली. पुढच्या वर्षीच्या कायद्याने स्त्रियांच्या कामावर अकरा तासांची मर्यादा आली. प्रौढ पुरुषांच्या तासांना कापड गिरण्यांत पहिली मर्यादा 1911 मध्ये, बारा तासांची लागली.

या मागण्या पाहिल्या तर लक्षात येते की त्या सगळ्या आधीच कामावर असलेल्या माणसाच्या आहेत. फाटकावरचा कारभार तेव्हा जॉबरच्या, म्हणजे माणसे भरती करणाऱ्या मुकादमाच्या, हातात होता. बदली कामगार, म्हणजे गैरहजर असलेल्यांच्या जागी दिवसापुरते घेतले जाणारे कामगार, सकाळी फाटकाशी जमत आणि त्यांतील कोणाला आत घ्यायचे हे जॉबर ठरवत असे. गावकी, भावकी, जात, ओळख आणि दस्तुरी (जॉबरला द्यावे लागणारे पैसे) यांवर ते ठरे. 1930 च्या दशकात गिरणी मालकांच्या संघटनेने बदली कामगारांसाठी नियंत्रण योजना सुरू केली, तीही जॉबरची मक्तेदारी कमी करून व्यवस्थापनाची पकड बसवण्यासाठी होती. उमेदवाराचा हक्क म्हणून या भरतीकडे कोणी पाहत नव्हते.

जातीच्या भेदभावाचे सर्वांत उघड उदाहरण याच गिरण्यांत होते. विणकाम खात्यात पगार चांगला होता, पण तेथे अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना प्रवेश नव्हता. विणकराला धोट्यातील (मागाच्या शटलमधील) सूत ओढून घेताना तोंड लावावे लागे आणि सवर्ण विणकर त्या धोट्याला हात लावायला तयार नसत. 1928 च्या मोठ्या संपात, जो सुमारे सहा महिने चालला, डॉ. आंबेडकरांनी पुढाऱ्यांपुढे आग्रह धरला की विणकाम खाते सर्वांना खुले करण्याची मागणी इतर मागण्यांबरोबर मांडली गेली पाहिजे. पुढाऱ्यांनी ती नाखुशीने घेतली, आणि मालकांनी तिच्यावर दिलेले उत्तर चरित्रकारांनी नोंदवले आहे: हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. मालकांचे ते उत्तर सोयीचे होते, पण पूर्णपणे खोटेही नव्हते. येथे मालक आणि बहुसंख्य कामगार एकाच बाजूला उभे होते. मालकाविरुद्ध कामगार अशा तंट्याच्या साच्यात हा अन्याय बसत नव्हता, आणि पुढचा कायदा तर त्याच साच्यावर घडणार होता.

तो तसा घडलाही. 1928 आणि 1929 च्या संपांनंतर कामगारांच्या स्थितीची चौकशी करणारा व्हिटले आयोग बसला. 1934 मध्ये मुंबई प्रांताने तंटे समेटाने मिटवण्यासाठी कायदा करून कामगार अधिकारी नेमला. 1938 मध्ये खेर मंत्रिमंडळाने मुंबई औद्योगिक विवाद कायदा आणला, ज्याच्या विरोधात 7 नोव्हेंबर 1938 रोजी आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने आणि कम्युनिस्टांनी एकत्र येऊन संप केला. औद्योगिक न्यायालय हे याच कायद्याचे अपत्य. त्यानंतर 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला, ज्याला आम्ही आजही बीआयआर म्हणतो. त्यात एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक संघटना आणि वाटाघाटीचा अधिकार तिच्याकडेच. 18 जानेवारी 1982 पासूनच्या गिरणी संपात ही रचना किती ताठर आहे ते सर्वांनी पाहिले. सुमारे अडीच लाख कामगार ज्या नेत्यामागे होते, त्याच्या संघटनेला कायद्याच्या लेखी बोलण्याचा अधिकारच नव्हता.

या कायद्यांत भेदभावाचा विचार नव्हता असे नाही. तो होता, पण एका विशिष्ट अर्थाने. संघटनेचा सभासद आहे म्हणून कोणाला काढू नये किंवा शिक्षा करू नये, असे बीआयआरच्या कलम 101 मध्ये स्पष्ट लिहिले होते. म्हणजे कारखान्यातील भेदभाव म्हणून कायद्याने जो आधी ओळखला तो युनियनबाजीबद्दलचा सूड. जात, धर्म, लिंग, वैवाहिक स्थिती यांचा नंबर नंतर लागला, आणि तोही दुसऱ्या दारांतून. एकट्या कामगाराची स्थिती तर अशी होती की 1965 मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात कलम 2-अ घालेपर्यंत संघटनेने किंवा सहकाऱ्यांनी प्रश्न उचलून धरल्याशिवाय बडतर्फीचाही औद्योगिक विवाद होत नसे.

आता आपल्याला विचारलेल्या प्रश्नाकडे येतो, कारण त्याचे मूळही याच प्रांतात आहे आणि माझ्या मते हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. प्रसूती लाभाचा देशातील पहिला कायदा मुंबई प्रांताने 1929 मध्ये केला. त्याआधी ना. म. जोशी यांनी केंद्रीय विधिमंडळात मांडलेले विधेयक पडले होते. मुंबईच्या कायदेमंडळात 1928 मध्ये या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा देताना सांगितले की प्रसूतीच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे असल्यामुळे तिचा खर्च मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. सरकार तो उचलत नाही म्हणून, स्त्रीच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकावर तो काही अंशी टाकणे योग्य ठरते. म्हणजे त्यांच्या युक्तिवादात मालकाची जबाबदारी दुय्यम होती. कायद्यात मात्र तीच एकमेव राहिली. स्त्री कामगार ठेवली की जास्तीचा खर्च येतो, पुरुष ठेवला की येत नाही, असा हिशेब झाल्यावर मालक कोणाला निवडणार हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. मुंबईच्या गिरण्यांत 1920 च्या दशकात साधारण पाचव्या हिश्श्याच्या आसपास असलेले स्त्रियांचे प्रमाण पुढच्या दशकांत सतत घसरत गेले. त्याला हा एकच कायदा कारणीभूत नव्हता. रात्रपाळीवरची बंदी होती, गिरण्यांचे सुसूत्रीकरण, म्हणजे कमी माणसांत तेच काम करून घेणे, होते, आणि स्त्रिया जेथे एकवटल्या होत्या ती कामे आधी कमी झाली. तरीही प्रसूतीचा खर्च हा त्या हिशेबातला एक ठळक आकडा होता.

1961 चा केंद्रीय मातृत्व लाभ कायदा आणि 2017 ची 26 आठवड्यांची दुरुस्ती यांनी हक्क वाढवला. खर्च कोणी करायचा हा प्रश्न जिथल्या तिथे ठेवला. राज्य कर्मचारी विमा योजनेत येणाऱ्या महिलांचा लाभ विमा महामंडळाकडून जातो, पण महिन्याला 21,000 रुपयांहून अधिक वेतन असलेल्यांना ती योजना सामान्यतः लागू नाही, आणि तेथे 26 आठवड्यांचा पूर्ण पगार मालकाच्याच खिशातून जातो. आपल्याला मुलाखतीत जो प्रश्न विचारला गेला, तो बहुधा या हिशेबातून आला असावा. मातृत्व रजेला माझा विरोध नाही, हे आवर्जून सांगतो. पण एखाद्या हक्काचा बोजा तो हक्क असलेल्या व्यक्तीला नोकरी देणाऱ्यावरच टाकायचा आणि फाटकावर कोणी तपासणी करायची नाही, ही रचना स्वतःहून भेदभावाला आमंत्रण देते, आणि ती आपण जवळजवळ शंभर वर्षे चालवत आलो आहोत.

1950 मध्ये राज्यघटना आली आणि चित्र बदलले, पण अर्धेच. अनुच्छेद 16 धर्म, जात, लिंग, जन्मस्थान इत्यादी कारणांवरून सरकारी नोकरीत भेदभाव करण्यास मनाई करतो. खासगी मालकाला तो बांधत नाही. म्हणूनच आधी विचारतो की संस्था कोणाची. आपली मुलाखत राष्ट्रीयीकृत बँकेत, महापालिकेत किंवा सरकारी महामंडळात झाली असती, तर उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग मोकळा होता आणि हातात एक उत्तम निकालही होता. नीरा माथूर विरुद्ध भारतीय आयुर्विमा महामंडळ या 1991 च्या प्रकरणात नोकरीच्या घोषणापत्रात महिलांना मासिक पाळी, गर्भधारणा आणि गर्भपात यांची माहिती विचारण्यात येत असे. सर्वोच्च न्यायालयाने ते रकाने काढून टाकण्यास सांगितले आणि काढून टाकलेल्या महिलेला परत कामावर घ्यायला लावले. त्याआधी 1981 मध्ये एअर इंडियाच्या हवाई सुंदरींच्या प्रकरणात पहिल्या गर्भधारणेबरोबर नोकरी संपवणारा नियम याच न्यायालयाने रद्द केला होता, मात्र नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास नोकरी जाण्याची अट कायम ठेवली. तो निकाल वाचताना मला दर वेळी खटकतो.

खासगी क्षेत्रात मुंबईच्याच दोन प्रकरणांचा मी नेहमी आधार घेतो, कारण त्यांत जुनी सामुदायिक चौकट आणि नवा समानतेचा विचार यांची गाठ पडलेली दिसते. पहिले आहे बॉम्बे लेबर युनियन विरुद्ध इंटरनॅशनल फ्रँचायझीज, 1966 मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल. एका औषध कंपनीच्या पॅकिंग विभागात अविवाहित मुलींना घेतले जाई आणि लग्न झाले की नोकरी संपे. विवाहित स्त्रिया जास्त गैरहजर राहतात आणि हे काम गटाने करायचे असल्याने अडचण होते, असा कंपनीचा बचाव होता. न्यायालयाला तो पटला नाही. गैरहजेरीसाठी काही माणसे राखीव ठेवता येतात, त्यासाठी लग्नावर बंदी लागत नाही, असा त्याचा आशय. हा विजय मूलभूत हक्कांच्या बळावर मिळालेला नाही. युनियनने औद्योगिक विवाद उभा केला आणि नोकरीच्या शर्ती न्याय्य आहेत की नाहीत हे तपासण्याचा औद्योगिक न्यायाधिकरणाचा अधिकार वापरला गेला. युनियन चांगली असेल तर जुनी चौकटही एवढे देऊ शकते.

युनियन नेहमी चांगली असतेच असे नाही, हे दुसऱ्या प्रकरणाने दाखवले. मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्रे डिकोस्टा, 1987. वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे काम करणाऱ्या महिला स्टेनोग्राफरांना पुरुष स्टेनोग्राफरांपेक्षा कमी पगार मिळत होता, आणि तो युनियनबरोबर झालेल्या करारानुसार होता. कंपनीने करार पुढे केला, आर्थिक अडचणही पुढे केली. समान वेतन कायद्यापुढे यांतले काहीही चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. ज्या सामुदायिक कराराला आपली सगळी कामगार व्यवस्था जवळजवळ पवित्र मानत आली, तोच भेदभावाचे हत्यार होऊ शकतो, हे येथे निकालात उतरले. 1928 मध्ये विणकाम खात्याच्या निमित्ताने जे दिसले होते, तेच येथे वेगळ्या रूपात आले.

हा समान वेतन कायदा 1976 चा, आणि फाटकाला हात घालणारा खासगी क्षेत्रासाठीचा पहिला महत्त्वाचा कायदा मी यालाच मानतो. त्याच्या कलम 5 ने एकाच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामासाठी भरती करताना स्त्रियांबाबत भेदभाव करण्यास मनाई केली, आणि 1987 च्या दुरुस्तीने बढती, प्रशिक्षण व बदली यांनाही ती लागू केली. नियम कागदावर चांगला होता. भरतीच्या टप्प्यावर त्याचा वापर मात्र मी क्वचितच होताना पाहिला. कारण सोपे आहे: नाकारलेल्या उमेदवाराला दुसऱ्या कोणाला घेतले आणि का घेतले हे कळतच नाही.

महाराष्ट्राचा स्वतःचा मोठा कायदा म्हणजे 1971 चा कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा, जो 1975 पासून अंमलात आला. आमच्या न्यायालयांत रोज ‘यूएलपी’ म्हणून ज्या तक्रारी दाखल होतात त्या याखालच्या. त्याच्या चौथ्या अनुसूचीत सूडबुद्धीने केलेली बडतर्फी, वाईट हेतूने केलेली बदली, वर्षानुवर्षे बदली कामगार किंवा हंगामी म्हणून ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणे, आणि गुणवत्तेकडे न पाहता एका गटातील कामगारांना झुकते माप देणे, हे सगळे अनुचित ठरवले आहे. शेवटची बाब मी भेदभावाच्या प्रकरणांत वापरली आहे आणि ती उपयोगी पडते: समान काम करणाऱ्या दोघांपैकी एकाला सतत डावलले गेले, तर कारण जात आहे की लिंग हे सिद्ध करण्याच्या फंदात न पडताही दाद मागता येते. घटनेपासून 90 दिवसांत तक्रार करावी लागते आणि अंतरिम आदेशही मिळू शकतो. पण तक्रारदार कर्मचारी असला पाहिजे. उमेदवाराला येथे प्रवेश नाही. 2001 मध्ये सिपला कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मालक-कामगार नातेच वादग्रस्त असेल तर या कायद्याखाली आधी ते नाते ठरवून घेता येत नाही, आणि त्याने कंत्राटी कामगारही फाटकाबाहेर राहिले.

फाटकावरच्या निवडीचा अधिकारच काढून घेण्याचा प्रयोग महाराष्ट्राने एका क्षेत्रात केला, आणि त्याचा उल्लेख या संदर्भात फारसा होत नाही. 1969 च्या माथाडी कायद्याने हमाल आणि अंगमेहनतीच्या कामगारांची नोंदणी त्रिपक्षीय (सरकार, मालक आणि कामगार यांच्या) मंडळांकडे दिली. नोंदीत मालकाला कामगार मंडळामार्फत मिळतो आणि मजुरीही मंडळामार्फतच जाते. त्या मंडळांच्या आजच्या कारभाराबद्दल बोलण्यासारखे पुष्कळ आहे, पण कोणाला काम द्यायचे हे एकट्या मालकाने ठरवू नये, हे तत्त्व त्यात होते.

आता आज हाताशी काय आहे ते पाहू. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही केंद्रीय कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि समान वेतन कायद्याची जागा वेतन संहितेच्या कलम 3 ने घेतली आहे. वेतनाबरोबरच एकाच किंवा सारख्या कामासाठी भरती करताना आणि नोकरीच्या शर्तींत लिंगावरून भेदभाव करण्यास ते मनाई करते. आपली मुलाखत त्या तारखेच्या आधीची असेल तर जुना कायदा पाहावा लागेल. दुसरा आधार राज्याचा आहे: ज्याला बाजारात अजूनही गुमास्ता कायदा म्हणतात, त्याची 2017 ची नवी आवृत्ती. दुकाने आणि आस्थापनांचा असा कायदा करणारा मुंबई हा पहिला प्रांत होता, 1939 मध्ये. 2017 च्या कायद्याच्या कलम 13 मध्ये भरती, प्रशिक्षण, बदली, बढती आणि वेतन यांत स्त्री कामगाराबाबत भेदभाव करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. मात्र व्यवस्थापकीय, पर्यवेक्षी आणि गोपनीय स्वरूपाची पदे त्याच्या कक्षेबाहेर आहेत, आणि मूळ कायदा 10 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. आपल्या मुलाखतीच्या दिवशी ही मर्यादा काय होती ते पाहून घ्यावे.

लिंग सोडून इतर कारणे असती तर मार्ग वेगळे असते. अस्पृश्यतेच्या कारणावरून नोकरी नाकारणे हा नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींसाठी 2015 च्या दुरुस्तीनंतर अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही तशी तरतूद आहे. एचआयव्हीबाधित व्यक्तींबाबत मुंबई उच्च न्यायालयाने 1997 मध्ये एका सरकारी महामंडळाविरुद्ध दिलेल्या निकालाचा विचार पुढे 2017 च्या केंद्रीय कायद्यात खासगी मालकांपर्यंत पोहोचला. दिव्यांगांसाठी 2016 चा आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी 2019 चा कायदा आहे. धर्मावरून खासगी कंपनीने नोकरी नाकारली तर मात्र असा थेट कायदा मला दाखवता येत नाही, आणि ही उणीव गंभीर आहे. भारताने नोकरीतील भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 111 क्रमांकाचा करार 1960 मध्येच मान्य केला आहे, हे लक्षात घेता ती अधिकच टोचते.

आपल्या प्रकरणात अडचण दोन ठिकाणी येईल. वैवाहिक स्थिती हे या कलमांत स्वतंत्र कारण नाही. त्यामुळे हा प्रश्न फक्त स्त्री उमेदवारांनाच विचारला गेला, पुरुषांना नाही, हे दाखवून तो लिंगभेद आहे असे मांडावे लागेल. पुरुषांनाही तोच प्रश्न विचारला जात असेल तर युक्तिवाद बराच सैल पडतो. दुसरी अडचण भरपाईची. तक्रार सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात करता येते, ते आस्थापनेचे अभिलेख मागवू शकतात, आणि उल्लंघन सिद्ध झाले तर दंड होतो. पण दंड सरकारजमा होतो. आपल्याला ती नोकरी मिळेल किंवा नुकसानभरपाई मिळेल अशी सोपी तरतूद त्यात नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे वर्षभर खेटे घातल्यावर निराशा होणार नाही. माझ्या अनुभवात अशा तक्रारीचा खरा उपयोग दोन प्रकारे होतो: कंपनी आपली मुलाखतीची पद्धत बदलते, आणि त्याच कंपनीत आत असलेल्या महिलांच्या पुढच्या तक्रारीला एक लेखी पूर्वेतिहास मिळतो.

तक्रार करायची असेल तर आधी पुरावा बांधा. जाहिरात, अर्जाची पोच, प्रत्येक फेरीचे ई-मेल आणि नकाराचे पत्र जसेच्या तसे जपून ठेवा. मुलाखतीत कोणी, काय, कोणत्या शब्दांत विचारले आणि आपण काय उत्तर दिले, याचे टिपण अद्याप केले नसेल तर आजच करा आणि त्यावर आजचीच तारीख घाला. मागची तारीख घालण्याचा मोह टाळा, कारण उलटतपासणीत ती लगेच उघडी पडते. त्याच दिवशी एखाद्या मैत्रिणीला किंवा घरच्यांना संदेशातून हे लिहिले असेल तर तो संदेश टिपणापेक्षा अधिक वजनदार ठरतो. नंतर कंपनीला सभ्य भाषेत ई-मेल करून निवड न होण्याचे कारण विचारा. उत्तर येवो न येवो, ते पत्र अभिलेखावर राहते, आणि घाईत दिलेल्या उत्तरात पुष्कळदा सत्य निसटून येते. समाजमाध्यमांवर कंपनीचे नाव घेऊन लिहिणे सध्या टाळा. बदनामीची नोटीस आली की मूळ प्रश्न बाजूला पडतो.

मला चार गोष्टी कळवल्या तर अधिक नेमके सांगता येईल: मुलाखतीची तारीख, कंपनीत साधारण किती माणसे आहेत, पदाचे नाव व जाहिरातीतील कामाचे वर्णन, आणि आपल्याबरोबर मुलाखत दिलेल्या एखाद्या पुरुष उमेदवाराशी आपला संपर्क आहे का. यांतली शेवटची गोष्ट मिळाली तर वेतन संहितेखालची तक्रार उभी राहू शकते. ती न मिळाल्यास गुमास्ता कायद्याखाली अर्ज करून अभिलेख तपासण्याची विनंती करणे, एवढाच मार्ग मी सुचवेन.